राखी पोपटाची निवड आणि निगा



खेड्यातील घराच्या पडवीत राघूचा पिंजरा टांगलेला असणे ही एकेकाळी सर्रास दिसणारी गोष्ट होती. त्याला पेरूची फोड, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची दिली की काम संपले, अशीच बहुतेकांची समजूत असे. आज ही पद्धत चालत नाही. गळ्याभोवती गुलाबी पट्टा असलेला आपला राघू, मोठा पहाडी पोपट आणि इतर सर्व देशी पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे व पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. म्हणून शहरातील हौशी लोक परदेशी पोपटांकडे वळले आहेत. त्यात बोलण्यासाठी सर्वांत प्रसिद्ध असलेला पक्षी म्हणजे आफ्रिकन राखी पोपट.

आपल्यापैकी अनेकांची मुले, मुली आणि भाऊबंद मुंबईत गिरगाव, दादर, परळ, लालबाग भागात राहतात. गावाकडेही आता असे पक्षी दिसू लागले आहेत. पक्षी पाळावा की नाही, पाळायचाच तर तो कसा निवडावा आणि त्याची निगा कशी राखावी, याची माहिती या लेखात दिली आहे. सूचना नेमक्या व्हाव्यात म्हणून गिरगावातील खोताच्या वाडीचे उदाहरण घेतले आहे.

खोताची वाडीच का?

पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्यावरून या वाडीला नाव पडले. त्यांनी येथील जागेचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि अरुंद बोळांच्या दोन्ही अंगांना एकमजली-दुमजली लाकडी घरे उभी राहिली. पुढे व्हरांडा, बाहेरून लाकडी जिना, उतरते कौलारू छप्पर अशी या घरांची धाटणी आहे. एकेकाळी अशी सुमारे ६५ घरे होती. आता निम्म्याहून कमी उरली आहेत आणि त्यांच्या शेजारी उंच इमारती आल्या आहेत. कोकणातील किंवा घाटावरील आपल्या जुन्या घराशी या घराचे बरेच साम्य आहे. त्यामुळे येथे लागू पडणाऱ्या बहुतेक गोष्टी आपल्याकडेही लागू पडतात.

पक्ष्याची ओळख

हा पक्षी पश्चिम व मध्य आफ्रिकेतील दाट जंगलांतला. लांबी सुमारे ३३ सें.मी., वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, अंग राखी, चोच काळी आणि शेपटी लालभडक असते. याचाच जवळचा भाऊबंद टिमनेह पोपट. तो आकाराने थोडा लहान, रंगाने गडद, शेपटी मरून रंगाची आणि वरची चोच फिकट रंगाची असते. नर व मादी दिसायला सारखेच असतात. खात्रीसाठी पिसाची किंवा रक्ताची डी.एन.ए. तपासणी करावी लागते. पिलाचे डोळे गडद असतात आणि वय वाढते तशी बुबुळाभोवतीची कडी फिकट पिवळी होते.

या पक्ष्याची बुद्धी असामान्य आहे. अमेरिकेतील संशोधक आयरिन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये दुकानातून घेतलेल्या 'ॲलेक्स' नावाच्या राखी पोपटावर तीस वर्षे अभ्यास केला. तो शंभराहून अधिक शब्द वापरत असे. रंग, आकार व वस्तू ओळखून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत असे. सप्टेंबर २००७ मध्ये तो मरण पावला. एवढी बुद्धी असलेला पक्षी दिवसभर रिकाम्या पिंजऱ्यात एकटा ठेवला तर तो कंटाळतो, किंचाळतो आणि स्वतःची पिसे उपटू लागतो. या पक्ष्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच असते.

घेण्यापूर्वी विचार करा

१) आयुष्य : चांगल्या निगेत हा पक्षी ४० वर्षे व त्याहूनही अधिक जगू शकतो. पन्नाशीच्या माणसाने पिलू घेतले तर ते त्याच्या मागे राहण्याचीच शक्यता अधिक.

२) वेळ : रोज किमान तीन ते चार तास पिंजऱ्याबाहेर, माणसांच्या सोबतीत गेले पाहिजेत. घरातील सर्व माणसे सकाळी ८ ची लोकल पकडत असतील तर हा पक्षी घेऊ नये.

३) धूळ : याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. घरात दम्याचा रुग्ण असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

४) आवाज : शिट्टी, फोनची घंटी, कुकरची शिट्टी तो हुबेहूब काढतो. हातभर अंतरावर शेजाऱ्याची खिडकी असलेल्या वाडीत याचा विचार आधी करावा.

५) बोलणे : प्रत्येक पक्षी बोलतोच असे नाही. अनेक पक्षी वर्षाचे झाल्यावर शब्द उच्चारू लागतात. केवळ बोलण्यासाठी पक्षी घेणाऱ्याची निराशा होते आणि मग पक्ष्याचे हाल होतात.

कायदा काय सांगतो

जंगलातून बेसुमार पकडले गेल्यामुळे राखी पोपटाची संख्या फार घटली आहे. घाना देशात १९९२ नंतर ती ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. म्हणून वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या 'साइटिस' करारात २०१६ साली हा पक्षी सर्वांत कडक यादीत, म्हणजे पहिल्या परिशिष्टात, घालण्याचे ठरले आणि जानेवारी २०१७ पासून ते लागू झाले. जंगलात पकडलेल्या पक्ष्यांचा व्यापारासाठीचा व्यवहार त्यामुळे बंद झाला.

आपल्याकडे २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. साइटिसमधील प्राणी त्यामुळे कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले. त्यानुसार असा पक्षी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करावी लागते. पक्षी दुसऱ्याला देणे, पिलांचा जन्म व पक्ष्याचा मृत्यू यांचीही नोंद करावी लागते. पिलांची पैदास करायची असल्यास स्वतंत्र परवाना लागतो. घेण्यापूर्वी जवळच्या वन विभाग कार्यालयात चालू नियम विचारून घ्यावेत. कागद नसलेला पक्षी कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो चोरट्या मार्गाने आलेला असू शकतो आणि त्यासोबत रोग व खटला दोन्ही घरात येतात.

निवड कशी करावी

गिरगावपासून क्रॉफर्ड मार्केट (महात्मा जोतिबा फुले मंडई) जवळच आहे. त्या परिसराचे नाव पक्षी विक्रीशी पूर्वापार जोडलेले आहे. परंतु गर्दीत, अनेक जातींचे पक्षी एकाच पिंजऱ्यात कोंबलेल्या जागेतून पक्षी घेणे धोक्याचे असते. शक्यतो परवानाधारक पैदासकाराकडून, आई-बाप पक्षी पाहून पिलू घ्यावे. पुढील बाबी तपासाव्यात.

* डोळे स्वच्छ व चमकदार, नाकपुड्या कोरड्या व मोकळ्या असाव्यात.
* छातीचे हाड हाताला धारदार लागू नये. तसे लागल्यास पक्षी रोडावलेला आहे असे समजावे.
* गुदद्वाराभोवतीची पिसे कोरडी व स्वच्छ असावीत.
* श्वास घेताना शेपटी वरखाली हलत नसावी.
* पायात सांधा नसलेले बंद कडे असावे. असे कडे पिलू अगदी लहान असतानाच घालता येते. म्हणून ते पिंजऱ्यात जन्मल्याची एक खूण मानतात. कड्यावरील क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळवून घ्यावा.
* पिलू स्वतःच्या चोचीने खाऊ लागलेले असावे. साधारण तीन ते चार महिन्यांनी ते खायला शिकते. हाताने भरवावे लागणारे पिलू नवख्याने घेऊ नये. भरवलेले फुप्फुसात जाऊन किंवा गरम खीर गळ्यात भाजून अशी पिले दगावतात.

बऱ्याच घरांत पहिला मालक कंटाळल्यामुळे मोठा पक्षी दुसऱ्या घराच्या शोधात असतो. कागदपत्रे बरोबर असतील व आपल्याला धीर असेल तर असा पक्षी सांभाळणे पुण्याचे काम आहे.

नवीन पक्षी ३० ते ४५ दिवस घरातील इतर पक्ष्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवावा व या काळात पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावा.

निवारा

पिंजरा किमान ९० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद व १२० सें.मी. उंच असावा. गजांमधील अंतर २ ते २.५ सें.मी. ठेवावे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नये, कारण पक्षी ती चावतो व जस्ताची विषबाधा होते. स्टेनलेस स्टीलचा किंवा चांगल्या भाजीव रंगाचा पिंजरा घ्यावा. बसण्यासाठी गुळगुळीत गोल दांडीऐवजी पेरू किंवा चिंचेच्या, फवारणी न झालेल्या, २ ते ४ सें.मी. जाडीच्या वेड्यावाकड्या फांद्या बसवाव्यात. एकाच जाडीच्या दांडीवर सतत बसल्याने तळपायाला जखमा होतात. कण्हेर, रुई व शेर यांच्या फांद्या कधीही वापरू नयेत.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून असावी. चारही बाजूंनी उघडा पिंजरा ठेवला तर हा पक्षी बिचकतो. खोताच्या वाडीसारख्या घरात पुढील काळजी घ्यावी.

अ) व्हरांडा : सकाळचे कोवळे ऊन मिळण्यासाठी व्हरांडा चांगला. पण पक्षी तेथे एकटा ठेवू नये. मांजर, घूस व कावळे हे वाडीतले नेहमीचे शत्रू आहेत. रात्री पिंजरा आतच घ्यावा.

आ) जुना रंग : जुन्या लाकडी घरांच्या कठड्यांवर, चौकटींवर रंगाचे अनेक थर असतात. जुन्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगातील शिशावर कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचे रंग संशयास्पद समजावेत. पोपट चोचीने लाकूड कुरतडतोच. म्हणून पक्षी मोकळा सोडताना अशा कठड्यांपासून दूर ठेवावा आणि रंग खरवडण्याचे काम चालू असताना त्याला दुसऱ्या घरी हलवावे.

इ) स्वयंपाकघर : पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. न चिकटणारा मुलामा दिलेला तवा जास्त तापल्यास त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. उदबत्ती, धूप, कापूर व डासांची कॉइल यांचा धूरही पक्ष्याच्या फुप्फुसाला वाईट.

ई) सणवार : गणेशोत्सवात ढोल-ताशे व दिवाळीत फटाके यांनी गिरगाव दणाणून जाते. अशा वेळी पिंजरा आतल्या खोलीत घ्यावा, तीन बाजूंनी कापड टाकावे आणि घरातील एका माणसाने जवळ बसावे. घाबरलेला पक्षी अंधारात धडपडून पंख मोडून घेतो.

उ) झोप : पक्ष्याला १० ते १२ तास शांत व अंधारी झोप मिळाली पाहिजे. रात्री बाराला दूरदर्शन संच बंद होणाऱ्या बैठकीत हे जमत नाही, तेव्हा झोपेचा छोटा पिंजरा वेगळा ठेवावा.

आहार

राखी पोपटाला केवळ सूर्यफुलाच्या बिया व शेंगदाण्यांवर ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय. त्यात चरबी जास्त, कॅल्शियम व अ जीवनसत्त्व फार कमी असते. या पक्ष्याच्या रक्तातील कॅल्शियम लवकर घटते आणि मग थरथर, तोल जाणे, झटके येणे असे प्रकार होतात. सुमारे ४५० ग्रॅम वजनाच्या पक्ष्याला रोजचा अंदाजे आहार असा द्यावा.

* पोपटांसाठीचे गोळी खाद्य : २५ ते ३० ग्रॅम
* भाज्या (गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, ढोबळी मिरची, कोवळे मक्याचे कणीस) : २० ते २५ ग्रॅम
* फळे (पेरू, पपई, डाळिंब) : १० ग्रॅम
* बिया, बाजरीचे कणीस, बदाम किंवा अक्रोड : ५ ग्रॅमपर्यंत, शक्यतो बक्षीस म्हणून

मोड आलेले मूग स्वच्छ धुऊन द्यावेत. राजमा व तत्सम कडधान्ये पूर्ण शिजवल्याशिवाय देऊ नयेत. पालक क्वचितच द्यावा, कारण त्यामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. हिरवी मिरची दिल्यास हरकत नाही. पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस (माकुलाचे हाड) अडकवावा. कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व लागते व ते उन्हातून मिळते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही. म्हणून रोज २० ते ३० मिनिटे सकाळचे थेट ऊन द्यावे. अर्धा पिंजरा सावलीत असावा.

शेंगदाण्यावरील बुरशी व अफ्लाटॉक्सिन आपणा शेतकऱ्यांना नवीन नाही. मुंबईच्या पावसाळी हवेत डब्यातील दाण्यांना लवकर बुरशी धरते. त्यामुळे शेंगदाणे टाळलेलेच बरे. खाद्य थोडे थोडे आणून हवाबंद डब्यात ठेवावे. ओले खाद्य दोन तासांनंतर काढून टाकावे.

ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा, लसूण, फरसाण व इतर खारट पदार्थ देऊ नयेत. दूध पक्ष्यांना पचत नाही. बियांवरून गोळी खाद्यावर आणताना काही आठवडे घ्यावेत आणि रोज वजन करावे. नवे खाद्य न ओळखल्याने पक्षी उपाशी राहू शकतो.

गावाकडून भाजी, कणसे पाठवणाऱ्यांनी फवारणीनंतरचा काढणीपूर्व कालावधी पाळलेलाच माल पाठवावा. माणसाला न जाणवणारी मात्रा अर्धा किलोच्या पक्ष्याला बाधू शकते.

दररोजची निगा

* पाणी दिवसातून दोनदा बदलावे व भांडी घासावीत.
* पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र घालावे व रोज बदलावे. विष्ठेचा रंग व पातळपणा पाहावा.
* आठवड्यातून तीन-चार वेळा कोमट पाण्याचा बारीक फवारा द्यावा. पिसे सूर्यास्तापूर्वी वाळली पाहिजेत.
* आठवड्यातून एकदा, सकाळी खाद्य देण्यापूर्वी, ग्रॅमच्या काट्यावर वजन करून वहीत लिहावे. वजन १० टक्के घटल्यास थांबू नये, पशुवैद्यक गाठावा.
* खाद्य उघडे न ठेवता कागदाच्या पुड्यात, नारळाच्या करवंटीत, मक्याच्या सालीत दडवून द्यावे. जंगलात दिवसाचा बराच वेळ अन्न शोधण्यात जातो. पिंजऱ्यातही त्याला हे काम हवे.
* ओरडला म्हणून मारू नये, पिंजऱ्यावर काठी आपटू नये. शांत असताना बक्षीस द्यावे.
* मोकळे सोडण्यापूर्वी दारे-खिडक्या लावाव्यात व पंखा बंद करावा. पंखाची पिसे फार आखूड कापू नयेत. हा पक्षी जड असल्याने पडून छातीचे हाड फुटते. बाहेर उडालेला पक्षी संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकतो.

आरोग्य

पोपट आजार लपवतो. आजारी दिसू लागला म्हणजे आजार बराच पुढे गेलेला असतो. पिसे फुगवून बसणे, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणे, खाणे कमी होणे, आवाज बदलणे, नाकातून स्राव, श्वासाबरोबर शेपटी हलणे ही लक्षणे दिसताच उपचार करावेत. दवाखान्यात नेईपर्यंत पक्षी झाकलेल्या खोक्यात, ऊबदार जागी ठेवावा. कोंबड्यांसाठी आणलेली औषधे अंदाजाने देऊ नयेत.

पिसे उपटणे हा एकच आजार नाही. कंटाळा, भीती, अपुरी झोप, चुकीचा आहार, यकृताचा विकार किंवा चोच व पिसांचा विषाणूजन्य रोग अशी अनेक कारणे असतात. म्हणून आधी तपासणी, मग उपाय.

पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा रोग ध्यानात ठेवावा. माणसाला ताप, डोकेदुखी व कोरडा खोकला येतो. असे झाल्यास डॉक्टरांना घरात पक्षी असल्याचे आवर्जून सांगावे. वाळलेली विष्ठा झाडू नये. ती ओली करून, तोंडाला फडके बांधून पुसावी.

ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. राणीखेत (मानमोडी) रोग पोपटांनाही होतो आणि ते त्याचा प्रसार करू शकतात. एका पोपटापायी सगळा खुराडा जाऊ शकतो. दोन्ही ठिकाणची भांडी, चपला व माणसे शक्य तो वेगळी ठेवावीत. आधी कोंबड्यांचे काम करावे, हात-पाय धुवावेत, मगच पोपटाकडे जावे.

मुंबईत परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे. त्याच्या शेजारीच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. मुंबईकर त्याला बैलघोड्याचे हॉस्पिटल म्हणतात. गिरगावकरांना ही सोय जवळची आहे. गावाकडे राहणाऱ्यांनी पक्षी घेण्यापूर्वीच, पोपटांवर उपचार करणारा पशुवैद्यक जवळ कोठे आहे याची चौकशी करावी.

पक्ष्याचा वारस ठरवा

खोताच्या वाडीतील घरे एकेक करून पडत आहेत. घर पाडून इमारत होते, कुटुंब दोन वर्षे भाड्याच्या खोलीत जाते, वडीलधारी माणसे जातात, मुले परदेशी जातात. यांपैकी प्रत्येक वेळी पिंजऱ्यातील पक्ष्याचा प्रश्न उभा राहतो. हा पक्षी एका माणसाला फार लागतो. तो माणूस नाहीसा झाला की खाणे सोडतो, पिसे उपटतो. अशा वेळी 'उडू दे मोकळा' म्हणून सोडून देणे ही दया नव्हे. आफ्रिकेच्या जंगलातील पक्षी गिरगावच्या कावळ्यांत व तारांत फार काळ तगत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून घरातील किमान दोघांची सवय त्याला लावावी. आपल्या पश्चात पक्षी कोणाकडे जाईल हे त्या व्यक्तीच्या संमतीने ठरवून लिहून ठेवावे. नोंदणीचे कागद, वजनाची वही, आहाराचा तक्ता व पशुवैद्यकाचा पत्ता एकाच पिशवीत ठेवावा. गाय-म्हैस विकताना आपण तिच्या सवयी नव्या मालकाला सांगतो. तसेच हे आहे.

थोडक्यात

१) देशी राघू पाळू नये व शेतात पिले काढणाऱ्यांना थारा देऊ नये.
२) कागद, कडे व नोंदणी पाहूनच राखी पोपट घ्यावा.
३) बियांवर नव्हे, मिश्र आहारावर पोसावा. ऊन व कॅल्शियम चुकवू नये.
४) वेळ, झोप व काम या तिन्ही गोष्टी रोज द्याव्यात.
५) कोंबड्यांपासून दूर ठेवावा.
६) वारस ठरत नसेल तर पक्षी घेऊ नये. अंगणात पाण्याचे भांडे ठेवावे, पेरूची दोन फळे झाडावर राखावीत. राघू आपण होऊन येतात, त्यांना ना पिंजरा लागतो ना परवाना.